चोवीस तासांची कसोटी : डीझेलवर धावलेली शर्यतीची मोटार

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कारखान्यांच्या सान्निध्यात वाढलेले बीरगांव हे शहर आहे. त्याच्या आसपास ऊरला व सिलतरा ह्या औद्योगिक वसाहती असून तेथे तयार होणारे लोखंड व पोलाद देशाच्या निरनिराळ्या भागांत पोहोचविण्यासाठी मालमोटारींची रहदारी अहोरात्र चालू असते. ह्या मालमोटारींपैकी बहुतेक सर्व डीझेलवर चालतात. खेड्यापाड्यांतील विहिरींवर पाणी उपसणारी ऑइल एंजिनेही त्याच जातीची. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ह्या कारखान्यामुळे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांस हे यंत्र घरच्यासारखे परिचयाचे झाले.

अशा परिचयामुळे डीझेल एंजिनाविषयी आपली एक समजूत होऊन बसलेली असते. ते दणकट आहे, इंधनाच्या बाबतीत काटकसरी आहे, परंतु वजनाने जड, चालीने मंद आणि धूर ओकणारे आहे, असे आपण मानतो. ओझे वाहणे हे त्याचे काम. शर्यतीत धावणे हे पेट्रोलच्या एंजिनाचे काम, अशी विभागणी केवळ सामान्य माणसानेच नव्हे, तर मोटार-शर्यतींच्या जगातील जाणत्यांनीही दीर्घकाळ मान्य केली होती. ही विभागणी २००६ साली मोडली. त्या वर्षी जूनमध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत ऑडी ह्या जर्मन कंपनीच्या ‘आर१० टीडीआय’ नावाच्या मोटारीने जिंकली, आणि ही मोटार डीझेलवर धावत होती. हे कसे घडले, त्यासाठी कोणत्या अडचणी ओलांडाव्या लागल्या आणि ह्या विजयाचा खरा अर्थ काय, हे पुढे सांगितले आहे.

शर्यतीचे स्वरूप

ल माँ हे फ्रान्सच्या पश्चिम भागातील एक शहर. तेथे १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटार-शर्यत भरत आली आहे. इतर शर्यतींत ठरावीक अंतर प्रथम कापणारा जिंकतो. येथे मात्र वेळ ठरलेली असते, आणि तेवढ्या वेळात जी गाडी सर्वांत अधिक अंतर कापील ती विजयी ठरते. शर्यत शनिवारी दुपारी सुरू होते व रविवारी दुपारी संपते. शर्यतीच्या मार्गाचा काही भाग एरवी सार्वजनिक रहदारीचाच रस्ता असतो. २००६ साली ह्या मार्गाची एक फेरी १३.६५ किलोमीटरांची होती. एका गाडीस त्या काळी तीन चालक असत व ते आळीपाळीने गाडी चालवीत.

ह्या शर्यतीत सर्वांत वरच्या वर्गात उतरणाऱ्या गाड्यांना ‘प्रोटोटाइप’ म्हणतात. त्या बाजारात विकण्यासाठी बनविलेल्या नसतात. नियमांनी घालून दिलेल्या मर्यादेत राहून, केवळ शर्यतीसाठी, थोड्याच संख्येने त्या घडविल्या जातात. अशी गाडी घडविणारा अभियंता दोन परस्परविरोधी मागण्यांच्या कात्रीत सापडलेला असतो. गाडी वेगवान हवी, म्हणजे ती हलकी हवी. आणि चोवीस तास न मोडता चालावयाची, म्हणजे ती मजबूत हवी. शिवाय तिला इंधन घेण्यासाठी वारंवार थांबावे लागते. गाडी उभी असताना घड्याळ मात्र थांबत नाही. ह्या शेवटच्या गोष्टीतच डीझेल एंजिनाला संधी होती.

दोन एंजिनांतील फरक

पेट्रोल व डीझेल ही दोन्ही एंजिने अंतर्ज्वलन जातीची, म्हणजे इंधनाचे ज्वलन सिलिंडरच्या आत होणारी आहेत. दोहोंतही ज्वलनाने तापलेला वायू दट्ट्यास ढकलतो व त्या ढकलण्यातून भुजादंड फिरतो. फरक आहे तो ज्वलन सुरू करण्याच्या रीतीत.

पेट्रोलच्या एंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते व नंतर स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटविले जाते. हे मिश्रण फार दाबले तर ठिणगी पडण्यापूर्वीच ते अवेळी पेट घेण्याचा धोका असतो. म्हणून त्यास किती दाबावयाचे ह्यावर बंधन येते. डीझेल एंजिनात केवळ हवाच आत घेतली जाते आणि ती मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे विद्यार्थ्यांनी अनुभविलेले असेल. त्याच न्यायाने ही हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. अशा तप्त हवेत डीझेलचा सूक्ष्म फवारा सोडला, की ठिणगीवाचूनच तो पेट घेतो.

हवा अधिक दाबली जात असल्यामुळे ज्वलनाच्या उष्णतेचा अधिक मोठा भाग कामी येतो. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले यशस्वी एंजिन चालवून दाखविले, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता त्याने उपयुक्त कार्यात रूपांतरित केली. त्या काळच्या वाफेच्या एंजिनांना इतका वाटा काढता येत नव्हता. ह्याखेरीज आणखी एक लाभ इंधनाच्या अंगचाच आहे. डीझेल हे पेट्रोलहून घट्ट असल्याने एक लिटर डीझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा सामावलेली असते.

परंतु ह्या लाभांची किंमत द्यावी लागते. सिलिंडरातील दाब मोठा, म्हणून त्याच्या भिंती, दट्टे, भुजादंड हे सर्व जाड व जड करावे लागतात. फवाऱ्यातील इंधन हवेत मिसळून जळण्यास थोडा अवधी लागतो, म्हणून एंजिन फार वेगाने फिरू शकत नाही. मिसळण्याची क्रिया अपुरी राहिली की काजळी निर्माण होते. जडपणा, मंदपणा आणि धूर ह्या तिन्ही दोषांचे मूळ असे एंजिनाच्या कार्यपद्धतीतच आहे.

पूर्वीचे प्रयत्न

डीझेल एंजिन शर्यतीत उतरविण्याची कल्पना नवी नव्हती. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे दरवर्षी पाचशे मैलांची शर्यत होते. १९३१ साली तेथे कमिन्स कंपनीची डीझेल मोटार उतरली. डेव्ह एव्हान्स ह्या चालकाने ती सर्व पाचशे मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर, एकदाही न थांबता चालविली. क्रमांक आला तेरावा. परंतु थांब्यावाचून संपूर्ण शर्यत पुरी करण्याचा हा पराक्रम डीझेलच्या काटकसरीची साक्ष देणारा होता. १९५२ साली त्याच कंपनीच्या दुसऱ्या मोटारीने तेथील प्राथमिक चाचणीत पहिली जागा मिळवून तेथून सुरुवात केली. शर्यतीत मात्र धावपट्टीवरील टायरांच्या रबराचा चुरा हवा आत घेण्याच्या मार्गात साचला आणि ७१ फेऱ्यांनंतर तिला माघार घ्यावी लागली.

ल माँ येथेही १९४९ साली देलेत्रे नावाच्या फ्रेंच बंधूंची डीझेल मोटार उतरली होती. पण ती शर्यत पुरी करू शकली नाही. १९९८ साली जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथील चोवीस तासांची शर्यत बीएमडब्ल्यू कंपनीच्या डीझेल मोटारीने जिंकली. तथापि ती रस्त्यावरील गाडीवरून तयार केलेली होती. केवळ शर्यतीसाठी घडविलेल्या प्रोटोटाइपांच्या वर्गात, ल माँसारख्या ठिकाणी, डीझेल टिकेल काय, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

आर१० ची घडण

ऑडी कंपनीस ल माँचा अनुभव भरपूर होता. तिच्या ‘आर८’ नावाच्या पेट्रोल मोटारीने २०००, २००१, २००२, २००४ व २००५ अशा पाच वेळा ती शर्यत जिंकली होती. अशा यशस्वी गाडीच्या जागी अपरिचित मार्गाने जाणारी गाडी आणणे हे धाडसच होते. ह्या विभागाचे प्रमुख वोल्फगांग उलरिख व एंजिनाचे प्रमुख अभियंता उलरिख बारेत्सकी यांनी ते पत्करले. १३ डिसेंबर २००५ रोजी पॅरिस येथे नवी मोटार जगापुढे ठेवण्यात आली.

तिचे एंजिन बारा सिलिंडरांचे होते. सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा एकमेकींशी नव्वद अंशांचा कोन करून बसविलेल्या होत्या. सर्व सिलिंडरांचे मिळून आकारमान साडेपाच लिटर होते व नियमांनी डीझेलला दिलेली मर्यादाही तीच होती. शक्ती ६५० अश्वशक्तीहून अधिक आणि टॉर्क, म्हणजे दंड पिळून फिरविण्याचा जोर, ११०० न्यूटन-मीटरहून अधिक होता. एखाद्या अवजड मालमोटारीच्या एंजिनात असावा इतका हा जोर आहे. आणि तो वाहून न्यावयाचा होता केवळ ९२५ किलोग्रॅम हे किमान वजन ठरविलेल्या गाडीतून.

आता वर सांगितलेल्या तीन दोषांवर कोणते उपाय योजिले गेले ते पाहू.

पहिला दोष जडपणाचा. एंजिनाचा मुख्य ठोकळा ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा केला. ऑडीच्या डीझेल एंजिनांत असे प्रथमच घडत होते. तरीही हे एंजिन आर८ च्या एंजिनापेक्षा लांब व जड राहिलेच. एंजिन चालकाच्या पाठीमागे असल्याने भार मागच्या बाजूस अधिक पडू लागला. तोल साधण्यासाठी पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर वाढवावे लागले आणि पुढचे टायर अधिक रुंद घ्यावे लागले. गाडीचा सांगाडा कार्बनच्या तंतूंपासून बनविलेला होता. हा पदार्थ पोलादाहून कितीतरी हलका असूनही अतिशय ताठ असतो. एंजिनातील वाढलेले वजन अन्यत्र वाचविण्याचा हा मार्ग होता.

दुसरा दोष मंदपणाचा. हे एंजिन मिनिटाला सुमारे तीन ते पाच हजार फेऱ्यांच्या दरम्यान काम करीत असे. पेट्रोलच्या शर्यती एंजिनांच्या मानाने ही गती कमी आहे. शक्ती ही गती व जोर यांच्या गुणाकाराने ठरते. गती वाढविता येत नसेल तर जोर वाढविला पाहिजे. त्यासाठी दोन टर्बो पंखे बसविले होते. एंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक पंखा फिरवितो, आणि त्याच दांड्यावरील दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबतो. हवा अधिक मिळाली की इंधनही अधिक जाळता येते. अशा प्रकारे मिळालेला प्रचंड जोर सहन करण्यासाठी दातेरी चाकांची पेटी नव्याने घडवावी लागली. तीत पाचच गिअर होते. कारण एंजिनाचा जोर इतका होता की सहाव्याची गरज राहिली नव्हती.

तिसरा दोष काजळीचा. त्यावर दोन बाजूंनी उपाय केला होता. इंधनाचा फवारा वातावरणाच्या दाबाच्या १६०० पटींहून अधिक दाबाने सोडला जात असे. इतक्या दाबामुळे थेंब अतिसूक्ष्म होऊन हवेत चांगले मिसळतात. त्यातूनही जी काजळी उरे ती अडविण्यासाठी धुराच्या दोन्ही नळ्यांवर गाळण्या बसविल्या होत्या. त्यामुळे गाडीमागे काळा धूर दिसत नसे. बाहेर पडणारा वायू टर्बो पंख्यांतून व गाळण्यांतून जात असल्याने आवाजही इतका कमी झाला की प्रेक्षकांस आश्चर्य वाटे. एंजिनाच्या स्वरावरून गिअर बदलण्याची सवय असलेल्या चालकांना आता समोरील दिव्यांच्या खुणांवर विसंबावे लागे.

थांब्यांचा हिशेब

डीझेलचा लाभ नेमका कोठे होतो हे एका सोप्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, दोन गाड्यांना चोवीस तासांत ३८० फेऱ्या करावयाच्या आहेत व एका फेरीस साडेतीन मिनिटे लागतात. पहिली गाडी एका टाकीत १२ फेऱ्या करते, तर दुसरी १४ फेऱ्या करते. सुरुवातीस टाकी भरलेली असते हे लक्षात घेता पहिलीला वाटेत ३१ वेळा इंधन घ्यावे लागेल, दुसरीला २७ वेळा. थांबे चार कमी झाले. एका थांब्यास एक मिनिट जाते असे धरले तर चार मिनिटे, म्हणजे एका फेरीहून अधिक वेळ वाचला. पहिल्या गाडीस ही तूट धावून भरून काढावयाची झाली तर तिने प्रत्येक फेरीस अर्ध्या सेकंदाहून अधिक वेगाने, आणि तेही चोवीस तास अखंड, धावले पाहिजे.

ह्यावरून पेट्रोलच्या गाड्या उतरविणाऱ्या संघांनी केलेली तक्रारही समजू शकेल. नियमांनी दोन्ही प्रकारच्या एंजिनांस आत घ्यावयाच्या हवेवर मर्यादा घातल्या होत्या; परंतु त्या डीझेलला अधिक अनुकूल आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ साली दोहोंची टाकी ९० लिटरांची होती. एका लिटर डीझेलमध्ये अधिक ऊर्जा असते हे लक्षात घेऊन २००७ पासून डीझेलच्या गाड्यांची टाकी ८१ लिटरांवर आणण्यात आली. दोन भिन्न तत्त्वांवर चालणाऱ्या यंत्रांची न्याय्य तुलना करणे किती अवघड असते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

पहिला विजय

आर१० ची पहिली शर्यत मार्च २००६ मध्ये अमेरिकेतील सेब्रिंग येथे झाली. तेथील मार्ग जुन्या विमानतळाचा असून खडबडीत आहे, व बारा तासांत तो गाड्यांची हाडे खिळखिळी करतो अशी त्याची ख्याती आहे. टॉम क्रिस्टेन्सन, डिंडो कापेल्लो व ॲलन मॅकनिश यांच्या गाडीने ती शर्यत जिंकली. दुसरी आर१० मात्र एंजिन प्रमाणाबाहेर तापल्यामुळे बाद झाली. नव्या यंत्राच्या सामर्थ्याचे आणि दुर्बलतेचे दर्शन एकाच दिवशी घडले.

जूनमध्ये ल माँ येथे योस्ट ह्या संघाने दोन गाड्या उतरविल्या. सात क्रमांकाच्या गाडीस इंधन-फवारणीतील दोषामुळे दुरुस्तीसाठी थांबावे लागले व ती तिसरी आली. आठ क्रमांकाची गाडी फ्रँक बीला, एमानुएले पिर्रो व मार्को वेर्नर यांनी चालविली. चोवीस तासांत तिने ३८० फेऱ्या, म्हणजे ५१८७ किलोमीटर अंतर कापले आणि पेट्रोलवर धावणाऱ्या फ्रेंच पेस्कारोलो गाडीस चार फेऱ्यांनी मागे टाकले. रायपूर ते नागपूर हे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. त्या हिशेबाने एका अहोरात्रात रायपूरहून नागपूरला जाऊन परतण्याच्या जवळजवळ नऊ खेपा झाल्या, आणि वाटेतील सर्व थांबे जमेस धरूनही सरासरी वेग ताशी सुमारे २१५ किलोमीटर पडला. ल माँच्या इतिहासात डीझेल एंजिनाचा हा पहिला विजय होय.

प्रतिस्पर्ध्याचे आगमन

पुढच्या वर्षी फ्रान्सच्या पूजो कंपनीने ‘९०८’ ही स्वतःची डीझेल मोटार आणली. तिचेही एंजिन साडेपाच लिटरांचे व बारा सिलिंडरांचे होते. पण चालकाची जागा छपराने बंद केलेली होती, तर आर१० उघडी होती. २००७ च्या शर्यतीत ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या निकामी झाल्या. एक आरंभीच्या फेऱ्यांत आदळली आणि दुसरी, आघाडीवर असताना, मागचे एक चाक निखळल्याने बाद झाली. उरलेल्या एका गाडीवर सारी भिस्त राहिली. बीला, पिर्रो व वेर्नर यांनीच ती पावसातून सांभाळून नेली व पूजोच्या गाडीवर दहा फेऱ्यांनी विजय मिळविला.

२००८ साल मात्र अधिक कठीण होते. पूजोच्या अभियंत्यांनी आपली गाडी इतकी सुधारली होती की प्राथमिक चाचणीत स्तेफान साराझाँ याने ३ मिनिटे १८.५ सेकंदांत फेरी पुरी केली. ऑडीची सर्वांत वेगवान गाडी तीहून पाच सेकंदांनी मागे होती. पाच सेकंद हे ऐकावयास थोडे वाटतात. पण फेरीगणिक पाच सेकंद म्हणजे सुमारे चाळीस फेऱ्यांत एक संपूर्ण फेरीचे अंतर होय. कागदावरील हिशेबाने शर्यत सुरू होण्यापूर्वीच संपल्यासारखी होती.

क्रिस्टेन्सन, कापेल्लो व मॅकनिश यांच्या गाडीपुढे जिंकण्याचा एकच मार्ग होता : वेगात गमावलेला वेळ इतरत्र मिळविणे. थांबे कमीत कमी व बिनचूक करावयाचे. तेच टायर, झीज पाहून, शक्य तितके अधिक काळ वापरावयाचे. आणि कोणतीही मोडतोड होऊ द्यावयाची नाही. ल माँच्या तत्कालीन नियमांनुसार इंधन भरताना गाडीस दुसरे कोणतेही काम करता येत नसे. त्यामुळे टायर बदलण्याचा एक प्रसंग जरी टळला तरी वेळ निश्चित वाचे.

रात्र उलटत गेली तशी पूजोच्या गाड्यांची अडचण दिसू लागली. मार्गावरील रबराचा चुरा व केरकचरा पाणी थंड करणाऱ्या जाळ्यांत अडकून त्यांची एंजिने तापू लागली व जाळ्या साफ करण्यासाठी त्यांना थांबावे लागले. १९५२ साली इंडियानापोलिस येथे ज्या क्षुल्लक चुऱ्याने कमिन्सची गाडी रोखली होती, त्याच्याच जातीचा हा शत्रू. पुढे पाऊस आला. ओल्या रस्त्यावर आर१० अधिक स्थिरपणे धावत होती. पावसातच तिने आघाडी घेतली व ती अखेरपर्यंत सोडली नाही. दोन्ही गाड्यांनी ३८१ फेऱ्या पुऱ्या केल्या. ऑडी सुमारे साडेचार मिनिटे आधी पोहोचली. सर्वांत वेगवान नसलेल्या गाडीने सर्वांत अधिक अंतर कापले होते. क्रिस्टेन्सन यांचा तो ल माँ येथील आठवा विजय होता, आणि आर१० चा तीन वर्षांतील तिसरा.

मर्यादा व उत्तरायुष्य

ह्या यशामुळे आर१० सर्वत्र अजिंक्य होती, असा समज होऊ नये. अमेरिकेतील मालिकेत तिने २००६ ते २००८ ह्या तिन्ही वर्षी आपल्या वर्गाचे विजेतेपद मिळविले. तथापि तेथील लहान व वळणावळणांच्या मार्गांवर खालच्या वर्गातील, कमी शक्तीची परंतु हलकी पोर्शे आरएस स्पायडर ही मोटार तिला अनेकदा मागे टाकी. २००८ ची सेब्रिंगची शर्यतही ह्या पोर्शेनेच जिंकली. लांब सरळ मार्गावर एंजिनाचा जोर कामी येतो; वळणांवर मात्र प्रत्येक किलोग्रॅम वजन रोखावे व पुन्हा पळवावे लागते. डीझेलच्या जडपणावर मात केली गेली होती, पण तो नाहीसा झाला नव्हता.

२००९ साली ऑडीने दहा सिलिंडरांची आर१५ ही नवी गाडी आणली, व दोन आर१० गाड्या कोलेस ह्या खाजगी संघाकडे गेल्या. त्यांपैकी एका गाडीच्या चालकांत भारताचे नरेन कार्तिकेयन यांचे नाव होते. परंतु शर्यत सुरू होण्यापूर्वीच त्यांचा खांदा निखळला व त्यांना गाडीत बसता आले नाही. तिघांचे काम आंद्रे लॉटरर व चार्ल्स झ्वोल्समन ह्या दोघांनीच चोवीस तास केले आणि सातवा क्रमांक मिळविला. लॉटरर यांना पुढे ऑडीने आपल्या मुख्य संघात घेतले व त्यांनी २०११, २०१२ आणि २०१४ साली ही शर्यत जिंकली. ल माँच्या शर्यतीत प्रत्यक्ष धावणारे पहिले भारतीय होण्याचा मान २०१२ साली करुण चंढोक यांना मिळाला. त्यांची पेट्रोलवर चालणारी गाडी सहावी आली.

आर१० ने घालून दिलेल्या वाटेने २००६ ते २०१४ अशी सलग नऊ वर्षे ल माँची शर्यत डीझेलच्या मोटारींनीच जिंकली. त्यांपैकी २००९ चा विजय पूजोचा, बाकीचे ऑडीचे. २०१२ पासूनच्या विजयी ऑडी गाड्यांत डीझेल एंजिनास विजेच्या मोटरची जोड होती. गाडीचा वेग कमी करताना वाया जाणारी ऊर्जा साठवून ती पुन्हा चाकांना देण्याची ही योजना होय. पुढे वारे फिरले. ऑडी ज्या फोक्सवॅगन समूहाची आहे, त्या समूहाने रस्त्यावरील लक्षावधी डीझेल मोटारींत धुराच्या तपासणीच्या वेळीच प्रदूषण कमी दाखविणारी योजना बसविली होती, हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आले. ह्या प्रकाराचा शर्यतीच्या गाड्यांशी संबंध नव्हता. परंतु डीझेलवरील जनतेचा विश्वास त्यामुळे ढळला. २०१६ च्या अखेरीस ऑडीने दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतून माघार घेतली, आणि त्या वर्गातील डीझेल एंजिनांचे पर्वही संपले.

उपसंहार

आर१० च्या कथेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली यंत्राविषयी. एखाद्या यंत्राचे दोष हे त्याच्या कार्यपद्धतीतून आलेले असले तरी ते अटळ असतातच असे नाही. दोषाचे कारण नेमके हुडकून त्या कारणावर इलाज केला तर त्याची मर्यादा पुष्कळच मागे सारता येते. काजळी अडविणारी जी गाळणी ह्या गाडीच्या धुराच्या नळीवर होती, त्याच तत्त्वाच्या गाळण्या १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’ ह्या मानकामुळे आपल्या देशातील नव्या डीझेल वाहनांवर आल्या आहेत. मालमोटारींची वर्दळ असलेल्या वस्त्यांतील मुलांच्या फुप्फुसांशी ह्या गाळणीचा थेट संबंध आहे. ती नीट राखली जाते की काढून टाकली जाते, धुराची तपासणी प्रामाणिकपणे होते की नाही, हे मात्र यंत्राच्या हाती नसून माणसाच्या हाती आहे. २०१५ च्या प्रकरणाने हेच दाखवून दिले.

दुसरी गोष्ट मोजमापाविषयी. आपण वेग पाहून यंत्राचे मूल्य ठरवितो, कारण वेग डोळ्यांना दिसतो. दीर्घ कामात मात्र किती वेळा थांबावे लागले, किती इंधन लागले, किती मोडतोड झाली, ह्या न दिसणाऱ्या गोष्टींची बेरीज निर्णायक ठरते. पहाटेच्या वेळी मालमोटार घेऊन निघणाऱ्या अनुभवी चालकास हा हिशेब शिकवावा लागत नाही. ल माँ येथे २००८ साली जगातील निष्णात अभियंत्यांना जे सिद्ध करावे लागले, ते त्याला आपल्या धंद्याच्या रोजच्या अनुभवातून ठाऊक असते.